तान्ह्या बाळाला चित्रपुस्तक कसे दाखवावे

बाळ बसू लागले की पुस्तक आणू, असे पुष्कळ घरांत ठरते. पण त्याआधीही सुरुवात करता येते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचेच स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावरचे. म्हणून पहिले दोन-तीन महिने पानावर एकच ठळक काळी-पांढरी आकृती पुरते, आणि पुठ्ठ्यावर काळ्या स्केचपेनने घरी काढलेला मोठ्या डोळ्यांचा चेहराही विकतच्या पुस्तकाइतकाच उपयोगी पडतो.

सहाव्या महिन्याच्या आसपास पुस्तक हाती येताच तोंडात जाते. ते हिसकावू नये. कापडी किंवा गोल कोपऱ्यांची जाड पुठ्ठ्याची पुस्तके याचसाठी असतात. टिकल्या, बटणे चिकटवलेली मात्र घेऊ नयेत.

मजकूर वाचून संपवण्याची घाई नको. चित्रावर बोट ठेवावे, नाव सांगावे आणि थांबावे. या थांबण्यातच बहुतेकांची चूक होते, कारण शांतता आपल्याला सोसवत नाही, पण बाळाला पाहायला, हुंकार द्यायला, पाय झाडायला तो वेळ लागतो, आणि त्या हुंकारालाच उत्तर समजून "हो, म्हैस! केवढी शिंगं तिची!" असे पुढे बोलावे. संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, जिथे गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढतात, बाळाला नेऊन खरी म्हैस दाखवली, की पानावरच्या म्हशीला अर्थ येतो. (तिथले धारोष्ण, म्हणजे नुकतेच काढलेले कच्चे दूध बाळाला देऊ नये.) पुस्तक निवडतानाही हाच विचार करावा: पेंग्विनपेक्षा कावळा, मांजर, रिक्षा, तांब्या आधी.

नऊ महिन्यांनंतर बाळ स्वतः बोट दाखवू लागते. ते दाखवील त्याचेच नाव सांगावे, आपल्या मनातल्या पानाकडे ओढू नये. तेच पुस्तक दहादा मागितले तरी द्यावे. तोंड फिरवले, की दोन मिनिटांतही मिटावे.

मोबाइलवरची चित्रे हा पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर बसवू नये, असेच सांगितले आहे. आजीला अक्षरओळख नसली तरी चित्रावरून ती हवे ते सांगू शकते, आणि ती घरात कन्नड बोलत असेल, तर तिने खुशाल कन्नडमध्येच सांगावे.