पुराच्या सूचनांसाठी फॉन्ट ठरवण्याआधी

सांगलीत पावसाळा लागण्याआधी गावाच्या वेबसाइटचा किंवा ॲपचा फॉन्ट ठरवायचा असेल, तर तपासायचा मजकूर आधी स्वतः लिहून काढा. फॉन्टवाल्यांचे नमुने गोंडस असतात, अवघड जोडाक्षरं त्यात सहसा नसतातच. आपली ओळ अशी ठेवा: ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर, धोका पातळी ४५, ब्रह्मनाळ, कऱ्हाड मार्गांवरची वाहतूक बंद, ॲम्ब्युलन्स तयार.’

कऱ्हाड मुद्दाम घेतलंय. ते ‘कर्हाड’ दिसलं, तर आधी टायपिंग बघा. साधा र टाइप केला असेल तर रफारच उमटणार, त्यात फॉन्टचा काय दोष? ऱ ची कळ दाबूनही अक्षर फुटलं, तर तो फॉन्ट बाद. ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आला २००८ साली, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तिथे चौकट दिसते. ‘मार्गांवर’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात का, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो का, तेही बघा. टेकत असेल तर ओळींमधली जागा वाढवा.

मग ठळक करून बघा, कारण इशारा कुणी बारीक अक्षरात देत नाही. घ-ध आणि भ-म यांच्यातला फरक शिरोरेषेच्या एवढ्याशा तुटीवर असतो. ठळक केलं की ती तूट बुजते.

तुलनेला रघुनाथ कृष्ण जोशींनी केलेला विंडोजचा मंगल, गुगलचा नोटो सान्स आणि ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हे फॉन्ट पुरेत. बालू नावाचा फॉन्ट मथळ्यालाच बरा. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

फोन घरातला सगळ्यात जुना घ्या, उजेड कमी करून. पुरात वीज गेली की सगळे बॅटरी वाचवतात. नंतर अंगणात उन्हात. आजीला ‘दिसतंय का?’ विचारू नका, ती हो म्हणणार. ‘पाणी किती फुटांवर?’ विचारा.

व्हॉट्सॲपच्या मजकुराला ही निवड लागू नाही, तिथे समोरच्याच्या फोनचा फॉन्ट दिसतो. चित्र करून पाठवणार असाल, तर आधी दोन-तीन फोनांवर फॉरवर्ड करा आणि शेवटच्या फोनवर ४० आणि ४५ वेगळे वाचता येतात का ते बघा.