घरी बनवलेल्या सर्फबोर्डमध्ये लाकडी स्ट्रिंगर कसा बसवावा

सर्फबोर्डच्या मधोमध, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, उभी बसवलेली लाकडाची पातळ पट्टी म्हणजे स्ट्रिंगर. तो बोर्डला ताकद देतो हे खरे असले तरी वाकण्याचा बराचसा ताण फोमवर चढवलेले फायबरग्लासचे वरचे आणि खालचे थरच पेलतात, आणि स्ट्रिंगर प्रामुख्याने या दोन थरांमधले अंतर टिकवून त्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही. माझ्या मते घरगुती कामात त्याचा त्याहून मोठा उपयोग असा की, बोर्डच्या लांबीतला बाक, म्हणजे रॉकर, तो निश्चित करून देतो आणि पुढे सगळे आकारकाम सुरू असताना एक विश्वासार्ह मध्यरेषा डोळ्यांसमोर ठेवतो.

पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या सरळ प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट झाली तर आठपट. म्हणूनच मध्यभागी न वाकणारा स्ट्रिंगर बोर्डच्या निमुळत्या टोकांपाशी सहज वाकतो. सुमारे 6 फुटी बोर्डला 3 मिलिमीटर जाडी पुरते, तर 9 फुटी लाँगबोर्डला 5 ते 6 मिलिमीटरची पट्टी किंवा एकाहून अधिक पातळ पट्ट्या द्याव्यात. लाकूड हलके, पूर्ण वाळलेले, सरळ रेषांचे आणि बिनगाठीचे असावे. बासवुड, सीडार आणि पातळ प्लायवुड सर्रास वापरले जाते. पुरेशा लांबीची फळी मिळाली नाही, तर दोन तुकड्यांची टोके जाडीच्या किमान आठपट लांबीच्या उतारात तासून इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने) सांधावीत. टोकाला टोक भिडवून केलेला जोड इथे निरुपयोगी ठरतो.

फोम कोणता आहे, हे कापण्याआधीच पाहावे. पांढरा दाणेदार ईपीएस फोम (थर्माकोल) तापलेल्या तारेने स्वच्छ कापला जातो. मात्र खोलीत हवा खेळती हवी आणि तोंडावर सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा. पॉलियुरेथेन फोमला तापलेली तार कधीही लावू नये, कारण त्यातून निघणारा धूर विषारी असतो. त्यासाठी बारीक दात्यांची करवतच वापरावी. ईपीएसवर पॉलिएस्टर रेझिन चालत नाही. ते फोम विरघळवते, त्यामुळे चिकटवण्यापासून शेवटच्या थरापर्यंत इपॉक्सीच लागते.

रॉकरचा साचा प्लायवुडवर एकदाच काळजीपूर्वक काढावा आणि फोमची बाजूची रूपरेषा व स्ट्रिंगर हे दोन्ही त्याच साच्यावरून कापावेत. स्ट्रिंगर वरून आणि खालून 2 मिलिमीटर जास्त ठेवावा. स्ट्रिंगर मधे बसवण्यासाठी फोम मध्यरेषेवर उभा चिरून दोन अर्धे करण्याआधी त्या रेषेला काटकोनात दर 30 सेंटिमीटरवर आडव्या खुणा कराव्यात, म्हणजे जोडताना दोन्ही अर्धे पुढेमागे सरकले आहेत का ते लगेच दिसते. चिरलेला काठ गुण्या लावून तपासावा, कारण तिथे काटकोन चुकला तर खालच्या बाजूने घट्ट दिसणारा सांधा वरून उघडा राहतो आणि ती फट चिकटद्रवाने भरण्याखेरीज उपाय उरत नाही.

चिकटवण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जोडून पाहावेत. इपॉक्सीत पोकळ काचेची सूक्ष्म भुकटी मिसळून ती उभ्या पृष्ठावरून ओघळणार नाही इतकी दाट करावी. नुसती इपॉक्सी वाळल्यावर फोमपेक्षा फार कठीण होते आणि घासताना सांध्याजवळ उंचवटा राहतो, तर भुकटीमुळे ती घासण्याजोगी होते. लाकडाच्या दोन्ही बाजूंना पातळ, सलग थर द्यावा. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंदही चालतो, पण तो फुगताना अर्धे एकमेकांपासून ढकलतो, त्यामुळे त्याला दाब नीट धरून ठेवावा लागतो.

दाब देण्याच्या टप्प्यावर घाई करू नये. बोर्ड रॉकरशी जुळणाऱ्या आधारांवर प्लास्टिक अंथरून ठेवावा, बाहेरच्या कडांना सरळ फळ्या लावाव्यात आणि पट्टे सारख्या अंतरावर हळूहळू आवळावेत. सांध्यातून चिकटद्रव बारीक रेषेत बाहेर आला की थांबावे, कारण त्यापुढे फोम चेपला जातो. मग टोकापासून टोकापर्यंत सूत ताणून स्ट्रिंगर सरळ आहे का ते पाहावे, आणि दोन सरळ पट्ट्या पुढे व मागे आडव्या ठेवून पीळ तपासावा. वाळल्यानंतर पीळ काढता येत नाही.

वाळल्यावर बाहेर आलेले लाकूड लहान, धारदार रंध्याने काढावे. खालची बाजू मध्यातून फुगीर असल्याने तिथे रंधा मध्याकडून टोकांकडे न्यावा, आणि वरची बाजू खोलगट असेल तर टोकांकडून मध्याकडे. उलट दिशेने नेल्यास रेषा उचकटून लाकडाच्या चिंध्या निघतात. लाकूड फोमच्या बरोबरीला रंध्यानेच आणावे. सँडपेपर मऊ फोम आधी खातो आणि लाकूड वर राहते, मग त्यावरचे फायबरग्लास अंतिम घासाईत झिजून तिथेच सर्वात पातळ होते.

फायबरग्लास चढवताना तापमान उतरते असावे. तापमान वाढत असेल, तर लाकूड आणि ईपीएसमधली हवा प्रसरण पावून ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे सोडते, म्हणून संध्याकाळची वेळ सोयीची. मधल्या फिनबॉक्ससाठी (बोर्डखालचा पर, म्हणजे फिन, बसवण्याच्या खोक्यासाठी) खाच करताना स्ट्रिंगर कापला जातोच. तो तुकडा राउटरने स्वच्छ काढून बॉक्सच्या चारही बाजूंना दाट इपॉक्सी भरावी, म्हणजे पाणी उघड्या लाकडात शिरणार नाही. लीश प्लग (सर्फरच्या पायाला बांधायची दोरी अडकवण्याची खोबण) मात्र स्ट्रिंगरच्या शेजारी, त्याला न छेदता बसवता येतो.