लहानग्यांना घेऊन मुंबईच्या म्युझियमला

काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांना तिथे जरूर न्या.

आम्ही डोंबिवलीहून जातो. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आधी बघा, नाहीतर पोरं गाडीतच कंटाळतात. सीएसएमटीहून सरळ टॅक्सी करा. कडेवर मूल आणि खांद्याला पिशवी घेऊन चालत दमू नका. पोटभर खायला घालून, दार उघडण्याच्या सुमारास पोचा. गर्दी कमी असते, मुलंही ताजीतवानी असतात.

आधी मुलांचं दालन, मग मुख्य इमारतीतला निसर्ग-विभाग, बस्स. बाकीचा मोह आवरा. काचेमागचे पेंढा भरलेले प्राणी-पक्षी बघताना ‘हा कोण, तो कोण’ असं विचारत सुटू नका. मुलाच्या उंचीला खाली बसा आणि गप्प राहा. माझी धाकटी काचेला नाक चिकटवून पक्ष्याच्या पायाची बोटं मोजते, दोनच्या पुढे थेट पाच! तेवढा वेळ तिला मिळायलाच हवा. मोठ्याला घाई असेल तर एकाने त्याला पुढे न्यावं.

डोळे चोळायला लागली की निघा, अर्धं राहिलं तरी. परतीला सीएसएमटीहून सुटणारी स्लो लोकल धरा. जागा मिळते, मुलं मांडीवर झोपतात.