डाव्या वृषणातील दुखणे: माझा अनुभव
सातपूरच्या कारखान्यात पाळीभर उभे राहून काम केले की डाव्या वृषणात जडपणा येऊन मंद दुखत असे आणि आडवे झाल्यावर ते थांबत असे. हा तपशील ऐकताच नाशिकच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी मला उभे करून तपासले व रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करवली. निदान झाले व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणे; डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळत असल्याने हा त्रास बहुधा डावीकडेच होतो. आधार देणारी अंतर्वस्त्रे आणि मधूनमधून बसणे एवढ्यावर माझे भागले (आजोबांचा लंगोट अगदीच जुनाट नव्हता म्हणायचा). मात्र अचानक तीव्र वेदना आणि उलटी झाल्यास वृषणाला पीळ पडलेला असू शकतो व तो साधारण ६ तासांच्या आत सोडवावा लागतो, म्हणून मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. वृषणात न दुखणारी कठीण गाठ लागली तर तीही लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावी.