जुनी एलिमिनेटर विकायला काढलीत? या चुका टाळा

आकुर्डीच्या बजाजने 2001 साली कावासाकी एलिमिनेटर ही मोटारसायकल आणली. 175 सीसी, बसायला खाली, पाय पुढे. 2005 मध्ये तिची जागा ॲव्हेंजरने घेतली. आज नीट राखलेली एलिमिनेटर निघाली की शौकीन लांबून बघायला येतात. आणि मालक नेमका शेवटच्या आठवड्यात तिची वाट लावतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे विकण्याआधी रंग मारणं. माझ्या मावसभावाने गाडी वीस वर्षं सदाशिव पेठेतल्या वाड्यात जिन्याखाली जपली. टाकीवर नखाएवढा एक ओरखडा. "जरा चमकवून घेतो," म्हणून नाना पेठेत टाकली. चार दिवसांत टाकी आरशासारखी झाली, पण मूळ अक्षरं घासली गेली. कोल्हापूरहून गिऱ्हाईक आलं. त्याने सीट काढायला लावली, टाकीच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे रंगवताना लावलेल्या चिकटपट्टीची रेघ हाताला लागली. "गाडी पडली होती का?" भाऊ ओरखड्याचं सांगत राहिला, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात अपघात बसला तो बसलाच. चहा न घेता गेला. अशा माणसाला कंपनीचा रंग हवा असतो, ओरखड्यासकट. मी टाकी ओल्या मऊ फडक्याने पुसतो, क्रोमला हलकं पॉलिश, बास. काढून ठेवलेला मूळ सायलेन्सर आणि आरसे माळ्यावर असतील, तर आधी ते शोधा.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका. थंड गाडी चोकवर कशी उठते, तेच त्याला बघायचं असतं.

चक्कर मारायला किल्ली देण्याआधी लायसन्स बघा.

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पुन्हा पासिंग करून पर्यावरण कर भरला नसेल, तर जाहिरातच टाकू नका.

आता कागद. "29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या द्या, ट्रान्सफर मी बघतो," असं म्हणणाऱ्याला गाडी देणारे लोक बघितले की जीव तुटतो. आरसीवर नाव तुमचं, तर कायद्याने मालक तुम्हीच. नवीन कुमार खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी पुढे कितीही हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येते. दोन तास वाचवायला एवढी जोखीम कशाला? मी पैसे खात्यात आल्यावर अर्ज स्वतः समोर बसून भरतो, पावती जपून ठेवतो, आणि परिवहनच्या साइटवर नवं नाव दिसेपर्यंत दर सोमवारी गाडीचा नंबर टाकून बघतो.