बिडाचं जुनं भांडं हाती लागलंय? या चुका टाळा

माळ्यावर किंवा भंगारात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जुना तवा सापडला की अनेकांना आधी ग्राइंडर आठवतो. तवा लगेच रुपेरी दिसावा, एवढीच इच्छा. पण ग्राइंडरची चकती गंजाबरोबर धातूही खाते आणि तव्यावर चरे पाडते. पुढे आंबोळी नेमकी त्या चऱ्यांत चिकटते. बीड गंजाने सहसा वाया जात नाही, आपल्या घाईने जातं.

याहून वाईट चूक म्हणजे तेलाचा जुना, जळून बसलेला थर जाळायला भांडं निखाऱ्यांत टाकणं. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक असतं आणि ठिसूळही. एका बाजूने जास्त तापलं की तळ वाकतो किंवा तडा जातो. लालबुंद झालं तर वर तांबूस खपली धरते आणि त्यावर तेलाचा थर नीट बसत नाही. वाकलेला तवा ठोकून सरळ करायला जाऊ नका, फुटेल.

मग वर्षानुवर्षांचं काळं किटण काढायचं कसं? प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर थंड पाण्यात अर्धा किलो कॉस्टिक सोडा विरघळवा आणि भांडं काही दिवस बुडवून ठेवा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि बादली मुलांच्या, जनावरांच्या वाऱ्यालाही नको. सोडा तेलकट थर खातो, लोखंडाला हात लावत नाही. ॲल्युमिनियम मात्र खातो, म्हणून त्याची बादली किंवा झाकण इथे चालणार नाही.

सोडा गंज काढत नाही. त्यासाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, अर्ध्या तासाने भांडं बाहेर काढून घासा, गरज वाटली तरच पुन्हा बुडवा. रात्रभर ठेवलंत तर गंज संपल्यावर आम्ल धातूला लागतं. धुतल्यावर काही मिनिटांत नारिंगी झाक आली तर घाबरू नका, उघड्या बिडाचं तसंच असतं. मंद आचेवर पूर्ण वाळवा आणि लगेच तेलाचं फडकं फिरवा.

तवा चिकट झालाय? तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. तेल लावल्यावर ते कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं, मग ओव्हनमध्ये उपडं ठेवून २३० ते २५० अंशांवर तासभर तापवायचं. असे तीन-चार हात द्यावेत. कोकणात खोबरेल हाताशी असतं, पण ते या कामाला कमी पडतं, कारण त्याचा कडक थर धरत नाही. सूर्यफुलाचं तेल बरं. जवसाचा थर सुंदर दिसतो, पण पुढे पापुद्रे सुटू शकतात.

पदार्थ काळा पडतोय? थर अजून कोवळा आहे. चिंच, कोकम, टोमॅटो काही आठवडे लांब ठेवा. घावनही पहिल्याच दिवशी नको. आधी कांदा परता, भजी तळा. सौम्य साबणाने धुतलं तर मुरलेला थर जात नाही. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवलं की मात्र जातो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतणंही टाळा.

विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. धड भांडं खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतंय का तेही बघा. आणि आधी त्यात काय शिजत होतं, हे विचारायला लाजू नका. मासेमारीच्या जाळ्यांची वजनं ओतायला शिसं वितळवलेलं भांडं कितीही घासलं तरी स्वयंपाकाला घ्यायचं नाही. शंका असेल आणि शिशाची तपासणी करता येत नसेल, तर ते शोभेपुरतंच ठेवा.

पावसाळ्यात भांड्यांची चळत लावताना मध्ये जुना कागद घाला आणि झाकणं उघडी ठेवा. आत कोंडलेला दमट वारा गंजाला पुरतो.