दाटलेल्या डेलिलीचं बेट कसं फोडावं

डेलिलीचं बेट मधोमध विरळ पडलं, फुलं कमी आली की मुळांना जागा उरलेली नसते. बहर ओसरल्यावर, ढगाळ दिवस बघून बेट फोडा; आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या.

पानं 15 सेंमी ठेवून छाटा. वीतभर अंतरावरून गोल खणून अख्खं बेट उचला आणि माती धुऊन काढा, म्हणजे कुठला फुटवा कुठे जोडलाय ते नीट दिसतं. हातानं सुटतील ते सोडवा, उरलेले धारदार सुरीनं कापा. प्रत्येक भागाला 2-3 फुटवे आणि भरपूर मुळं हवीतच. एकटा फुटवा जगतो, पण फुलायला वेळ लावतो. मधला जून, कुजका भाग टाकून द्या.

मुळं उन्हात सुकू देऊ नका. 45 सेंमी अंतरानं लावा. पानं आणि मुळं जुळतात तो सांधा मातीखाली जेमतेम 2-3 सेंमी ठेवा. खोल गेला तर फुलं कमी येतात.